मामांकडे मागितलेली किल्ली

सातपुड्यातले घाट देवाने केवळ माझ्या मामांना जीप चालवता यावी म्हणून घातले, अशी निदान मामांची तरी खात्री होती. म्हसावदची केळी सांभाळून हा माणूस मोलगीच्या बाजाराला जीप न्यायचा आणि वाटेत पायी चालणारं कोणी दिसलं की गाडी थांबलीच. आत तीळ ठेवायला जागा नसली तरी म्हणायचे, "बठ रे, जागा व्हयी जाई!" टपावर कोंबड्या, मागे गोणी, आणि मामांचा एक हात कायम बाहेर, येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम घालायला. मामी डोळे मिटून बसायची.

पुढे मामा विसरू लागले. ओळखीच्या फाट्यावर गाडी उभी करून विचारात पडायचे. टोकलं तर उत्तर तयार, "मी नही भुलस, रस्ताच बदली ग्यात!" रस्ते खरोखरच बदलत होते, त्यामुळे त्यांचं बरेच दिवस खपून गेलं.

मग एका वळणावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय पडला आणि जीप कठड्याला जाऊन अडली. मागे तान्हं मूल घेतलेली एक बाई होती. खरचटण्यापलीकडे कोणाला काही झालं नाही. मामा खाली उतरले, जीपभोवती फिरले आणि स्वतःच्याच गाडीचा मालक विचारू लागले, "हाई गाडी कोन्ही शे?" त्या दिवशी कोणी हसलं नाही.

डॉक्टर म्हणाले, विसरण्याच्या आजाराची ही सुरुवात आहे, गाडी बंद करा. मामीने किल्ली डाळीच्या डब्यात लपवली, तर मामांनी वायरी जोडून जीप चालू केली. ती विद्या तेवढी शाबूत होती. मामीने हरून किल्ली परत दिली. शेवटी मामी मला म्हणाली, "भाऊ, आते तुमीच मांगा किल्ली. भाचाना शबद ते मोडतस नही."

आमच्याकडे भाचा म्हणजे देव. टक्कल पडलेल्या माझ्याही पाया मामा वाकून पडतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्या देवपणाचा असा उपयोग करणं अगदी जिवावर आलं, पण मागितली. मामांनी खिशातून किल्ली काढली. मग त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली, वाकून पायांना हात लावला आणि म्हणाले, "तू मांगस म्हनीसन देस. दुसराले देतू नही."

आता सुट्टीला मी जीप काढतो आणि मामा शेजारी बसून रस्ता सांगतात. परवा फाट्यावर त्यांनी डावीकडे बोट दाखवलं. घर उजवीकडे होतं. मी डावीकडे वळलो. थोडं पुढे गेल्यावर मामा कावरेबावरे झाले. "भाचा, आपन कथा चालनूत?"

"सहज फिरायला, मामा."

"तू शे ना संगे? मंग चालू दे," असं म्हणून ते निवांत मागे टेकले. मला गाडी कडेला घ्यावी लागली.