मिठाच्या पोत्यांखालची मोटार

वडिलांनी घर दादाला दिलं आणि मोटार मला. दोन्ही तोंडीच. घराचे कागद पुढे झाले, मोटारीचे राहून गेले. ती दादाच्याच रिकाम्या गोठ्यात उभी राहिली, कारण एव्हरशाईन सिटीतल्या माझ्या इमारतीत चालत्या गाड्यांनाच जागा भांडून मिळवावी लागते. न चालणारीचं नावही काढायची सोय नव्हती.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर ती पुन्हा रस्त्यावर आणायची असं मी जाहीर केलं. दादाने दोन वर्षं ऐकून घेतलं. तिसऱ्या वर्षी राजोडीच्या एका रिसॉर्टचा माणूस येऊन गाडी पाहून गेला. त्याच्या कार्डावर 'हेरिटेज क्युरेटर' असं छापलेलं होतं. गाडी गुलाबी रंगवायची, चौथऱ्यावर चढवायची आणि बॉनेट उघडं ठेवून आत फुलझाडं लावायची, असा त्याचा बेत. रिसॉर्टचा विषय होता 'पोर्तुगीज वसई'. पोर्तुगीज इथून गेले तेव्हा मोटार जन्माला यायला दीडेकशे वर्षं होती, हे मी त्याच्या कानावर घातलं.

"मॅडम, पब्लिकला जुनं म्हणजे जुनं," तो म्हणाला.

दादाने त्याच संध्याकाळी मला मुदत दिली. "बाय, रविवारपर्यंत इंजिन नि गिअरबॉक्स वेगलं करून दाखव. नाय जमला तर सोमवारी तो ट्रक घेऊन येल. मग माझ्याकडं रडायचं नाय."

मुदत त्याने विचार करूनच घातली होती. आचोळ्याच्या मेकॅनिकने चेनपुलीने इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र बाहेर काढून टायरवर ठेवल्याला चार महिने झाले होते, आणि चार महिन्यांत ती जोडी तसूभर सुटली नव्हती. सगळे बोल्ट निघाले होते. आम्ही ते दोनदा मोजले. पण गिअरबॉक्सचा दांडा क्लचप्लेटच्या दात्यांत गंजून बसला होता आणि दोन्ही तोंडं एकमेकांना धरून होती.

याचं श्रेय वडिलांना. गाडी कायमची उभी केली तेव्हा त्यांनी ती मिठागरातल्या जुन्या पोत्यांनी झाकली होती. मिठाच्या पोत्याला उंदीर तोंड लावत नाही, अशी त्यांची खात्री. ती खरी ठरली. गाडीतली एकही वायर कुरतडलेली नाही. बाकीचं सगळं मिठाने खाल्लं.

शनिवारी सकाळी मेकॅनिक ग्राइंडर घेऊनच आला. "मॅडम, कापून टाकू. पाच मिनटात दोन पीस."

"त्यातला एक तरी कामाचा राहील?"

"वो बाद में बघू ना."

बाद में बघायला दुसरा गिअरबॉक्स जगात कुठे मिळणार होता? कापलेला गिअरबॉक्स म्हणजे फुलझाडांचीच सोय. मी ग्राइंडरची वायर बोर्डातून काढली आणि ग्राइंडर त्याच्या पिशवीत टाकला. तो हसला, चहा प्यायला आणि "मग तुम्हीच बघा," म्हणून निघून गेला.

मी छिन्नी घेतली, फटीत धरली आणि हातोडी उचलली. दादा दारात खुर्ची टाकून बसला होता, माझी हार बघायला. पहिला घाव बसला आणि त्याला राहवलं नाही.

"अगं ए, फोडशील! नरम धातू हाय तो. लोखंड कसलं घालतेस?"

"मग काय घालू?"

तो खुर्चीत चुळबुळला. मग उठलाच. खाडीच्या बांधाला आमच्या शेताची उघाडी आहे. उघाडी म्हणजे भरतीचं पाणी अडवणारं लाकडी दार. त्याच्या फळ्या फुगून अडकतात, वाळून सैल होतात, आणि हे सगळं आयुष्यभर दादाने निस्तरलं आहे. माझ्या बाबतीत तो अडून बसला होता. लाकडाच्या बाबतीत मात्र त्याला चुकीचं काही बघवत नाही.

"सुकं लाकूड पायजे. चारी बाजूला सारख्या पाचरी. ठोकायच्या नाय, नुसत्या बसवायच्या. वर ओली फडकी बांधायची नि पानी सोडायचं, थेंब थेंब. पान्याला घाई नसते."

त्याने स्वतःच पाचरी तासल्या. आतल्या दात्यांवर मी डिझेल सोडलं. फडकी सुकली की भिजवायची, पाचरी सैल झाल्या की जाड्या घालायच्या, एवढंच काम. दुपारपर्यंत फटीत नख गेलं, संध्याकाळी नाणं. दादाला मी मुदतीची आठवण केली नाही. तोही विसरल्यासारखा वागत होता.

रविवारी सकाळी गिअरबॉक्स चेनपुलीला टांगून आम्ही दोघांनी समोरासमोर धरला. "वाकडा खेचू नको. सरल. सरल!" तो ओरडला. "सरळच खेचतेय, तूच बाजूला जातोयस!" मी ओरडले. आत काहीतरी करकरलं आणि दांडा लालभडक भुकटी सांडत बाहेर आला. दादा मागच्या मागे बसला.

सोमवारी ट्रक आला. क्युरेटरने जमिनीवर पडलेलं इंजिन पाहिलं, बाजूला गिअरबॉक्स पाहिला आणि म्हणाला, "अरे वा, सुटलं. ते तुम्हीच ठेवा. आम्हाला नकोच होतं. पोकळ असली की माती जास्त मावते."

म्हणजे आमची अट त्याच्या हिशेबात नव्हतीच. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादा बोलला.

"झाडं लावायला तुमच्याकडं कुंड्या नाय काय?"

"काका, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला व्हता. नाय सुटला तर नेशील असा. सुटला." त्याने काळे हात पुढे केले, पुरावा म्हणून. "ट्रक जपून काढ, कुंपनाला लागेल."

ट्रक गेल्यावर दादा इंजिनभोवती एक फेरी मारून आला.

"हे आता फिरनार कधी?"

"का, मुदत आहे?"

"हाय. पन सांगनार नाय."