फेसाचा भाव

भोसरीच्या एका ऑफिसात मी नदीचे नकाशे करायचो. इंद्रायणी लोकांना काय काय देते ते काठानं फिरून लिहायचं आणि त्याची रुपयांत किंमत काढायची, असलं ते काम. मोशीजवळ पाण्यावर गुडघाभर फेस होता आणि वासामुळे मी नाकाला रुमाल लावला होता. तिथल्या एका म्हाताऱ्या मासेमाराला काम समजावून मी विचारलं, मासे किती मिळतात?

"मासं न्हाईत आता. जाळं खुंटीला टांगलंय."

मी शून्य लिहिलं. पिण्याचं पाणी, धुणं, पोहणं, सगळीकडे शून्यच.

शेवटचा रकाना होता सांडपाणी वाहून नेण्याचा. तेवढी घाण काठच्या कंपन्यांना स्वतः साफ करायला जो खर्च आला असता, तो साहेबांनी नदीच्या खात्यात धरला. ही म्हणे नदीची सेवा. डोंबलाची सेवा! नकाशावर फेसाचा पट्टाच सगळ्यात मोलाचा निघाला. त्यात गडद हिरवा रंग मीच भरला.

पुढच्या फेरीला म्हातारा भेटला. "मग, काय भाव निघाला आमच्या नदीचा?"

मी खरं ते सांगितलं.

त्याच्या तोंडात तंबाखू होती. नदीत थुंकू नये म्हणून त्यानं तोंड फिरवलं आणि तो माझ्या बुटांवर थुंकला.