वहिनींचं पांढरं कुंकू

सांगण्यासारखं नाही हे. पण तुम्ही चहा पाजलात, बसायला खुर्ची दिलीत, तेव्हा सांगतो. खुशाल हसा. मीही हसतो कधीकधी, निम्म्यापर्यंत.

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, तेव्हाची गोष्ट. तुकडे झाले म्हणे कागदावर. इकडे अंबरपेठेत आमच्या दोन खोल्यांचेही झाले! दादा सरकारी कचेरीत कारकून, त्याचा तबादला औरंगाबादला. मी सुलतान बाजारात कापडाच्या दुकानात तागे उलगडायचो आणि पुन्हा गुंडाळायचो. शाळेचं तोंड बघितलं नव्हतं, मला कुठलं सरकार कुठं पाठवणार? मी आईजवळ राहायचं ठरलं.

आईनं जन्मात फोटो काढू दिला नव्हता. फोटोनं आयुष्य कमी होतं, हे तिचं पक्कं मत. पण दादाचं सामान बांधायला सुरुवात झाली, तशी एका सकाळी आपणहून म्हणाली, "एक फोटो काढू सगळ्यांचा. कमी झालं माझं तर होऊ दे. मला हा रोज दिसला पाहिजे."

हा म्हणजे दादा. मी तर समोरच बसलो होतो!

सुलतान बाजारात एक फोटोवाले मियाँ होते. त्या दिवसांत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. प्रत्येक कचेरी फुटत होती, आणि फुटण्याआधी ओळीनं बसून फोटो काढून घेत होती. त्यांनी आम्हाला मध्येच कसंबसं घुसवलं. आई खुर्चीत, दादा-वहिनी मागं उभे, मी कडेला.

"अम्मा, हिलना नक्को!" मियाँ काळ्या फडक्यातून ओरडले.

आई अशी स्तब्ध बसली, की फोटो झाल्यावर तिला हलवून उठवावं लागलं.

दादाची गाडी सोमवारी सकाळची. रविवारी दुपारी मी फोटो आणायला गेलो. मियाँनी हातात पाकीट ठेवलं. "छापने का कागद खतम हो गया, बावा. ये निगेटिव्ह लेके जाओ. औरंगाबाद में छपवा के उधर से अम्मा कू भेज देना."

मी "हौ" म्हणालो. काय समजलो? काही नाही! फोटोलाच साहेबलोक निगेटिव्ह म्हणत असतील, असं वाटलं.

रस्त्यावर आलो, पाकिटातली तळहाताएवढी फिल्म काढली, उन्हात धरली. आणि रस्त्यातच थबकलो.

दादाचं तोंड कोळशासारखं. डोळ्यांच्या बाहुल्या पांढऱ्या. तिशीतला माणूस, आणि डोईवरचे सगळे केस पिकलेले! आईचं पांढरं लुगडं काळंमिट्ट. आणि वहिनींच्या कपाळावर रुपयाएवढं लाल कुंकू असायचं, तिथं पांढरा ठिपका. राख लावावी तसा.

तुम्हाला हसू येतंय. पण ज्यानं फिल्म कधी बघितली नाही, आणि ज्याचा एकुलता एक भाऊ उद्या दूर चाललाय, त्यानं काय समजावं? मी समजलो, आई म्हणायची तेच खरं. फोटोनं आयुष्य ओढून घेतलं. आईचं नाही, दादाचं! वहिनींचं कुंकूच पुसलं!

ही वस्तू घरात न्यायची? वहिनींच्या हातात द्यायची?

घराची वाट सोडून मी चादरघाटच्या पुलावर गेलो. हात जोडले आणि फिल्म मुसी नदीत सोडली. ती बुडेना! तोंड वर करून तरंगत राहिली. मग खाली उतरलो, गुडघाभर पाण्यात शिरलो, तिला पकडली, रुमालात दगडासकट बांधली आणि पुन्हा सोडली. इतकं काळजीपूर्वक काम मी जन्मात दुसरं केलं नाही.

"फोटो?" आईनं दारातच विचारलं.

"आलाच नाही."

"आलाच नाही म्हणजे?" दादा उठला. "थांब, मीच मियाँकडे जाऊन येतो."

"दुकान बंद आहे!"

"आत्ता तिथूनच आलास ना? आणि धोतर कशानं भिजलं?"

"ते... मियाँ दुकान धूत होते."

"बंद दुकान?"

मी खाली बघितलं. फोटोसाठी आईनं भिंतीत नवा खिळा ठोकून घेतला होता. त्याला तिनं भाजीची पिशवी अडकवली.

सोमवारी काचीगुडा स्टेशन. आई आली नाही. पाठमोरा दादा मला बघवायचा नाही, म्हणाली. आम्ही सामान चढवलं. पलीकडे कुठल्याशा कचेरीचा निरोपाचा फोटो चालला होता. काळ्या फडक्यातून डोकं बाहेर आलं, ते मियाँचं!

"साब!" ते थेट दादाकडेच आले. "निगेटिव्ह संभाल के रक्खे ना? क्या आया है! अम्मा तो रानी दिख रैं."

दादानं माझ्याकडे बघितलं. "दत्तू, कुठाय?"

"मुसीत."

"मुसीत?"

"दगड बांधून."

मग सगळं सांगावं लागलं. कोळसा, पिकलेले केस, पांढरं कुंकू. मियाँनी कपाळावर हात मारला. "अरे बावा, निगेटिव्ह उल्टाच रैता! काला सफेद दिखता, सफेद काला. कागद पे उतारे तो सब सीधा होता!"

कचेरीतले लोक मोठ्यानं हसले. वहिनीही पदरात तोंड घालून हसल्या, आणि हसता हसता रडायलाच लागल्या. "भावजी, माझ्या कुंकवासाठी तुम्ही पाण्यात शिरलात?"

"मियाँ, आत्ता एक काढा की," दादा म्हणाला.

"निकालतूं ना. अम्मा कहाँ हैं?"

अम्मा अंबरपेठेत. गाडीनं शिट्टी दिली.

घरी येऊन आईला खरं सांगितलं. वाटलं होतं, आता काही खरं नाही आपलं. पण तिनं नुसतं विचारलं, "मी कशी दिसत होते रे?"

"काळी."

"आणि तो?"

"तोही."

"जवळ होता ना माझ्या?"

"तुझ्या खांद्याला हात लावून."

मग रोज संध्याकाळी ती तेवढंच विचारायची. मी रोज तेवढंच सांगायचो. दोन पावसाळ्यांनंतर ती गेली. दादा पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. हार घालायला फोटो नव्हता. खिळा होता, पिशवी होती.

वहिनी दादाच्या बऱ्याच आधी गेल्या, कपाळावर रुपयाएवढं लालभडक कुंकू घेऊन. दादा ऐंशी पार करून गेला. म्हणजे मी मुसीत बुडवलं ते काय, सांगा बघू!

त्या फोटोतला आता मी एकटाच उरलोय. त्या दिवशी फिल्ममध्ये सगळ्यांकडे बघितलं, कडेला उभ्या माझ्याकडे बघायचं तेवढं राहून गेलं होतं. आता सकाळी दाढीला आरसा धरतो. तोंड काळं, केस पांढरे, मोतीबिंदूनं बाहुलीसुद्धा पांढरी. हुबेहूब!

बाकीचे सगळे सरळ उतरले हो. निगेटिव्ह राहिलो तो मीच.