नळीवरची पाच बोटं

उत्तरेतल्या एका फील्ड वर्कशॉपमध्ये माझं पोस्टिंग झालं तेव्हा मी कॅप्टन होते. पलटणींच्या गाड्या, रेडिओ आणि हत्यारं दुरुस्त करणं हे आमचं काम. हत्यारांचा विभाग हवालदार सर्जेराव मानेकडे होता. ट्रेड आर्मरर, गाव म्हसवडजवळ. मी सांगलीच्या विश्रामबागेतली, हे कळल्यावर तो म्हणाला, "म्हंजे तुमच्याकडं कृष्णेचं पानी, मॅडम. आमच्याकडं नुसती तिची बातमी."

सकाळी साडेआठला कोत, म्हणजे हत्यारांची खोली, उघडायची. दुपारी एकपर्यंत तपासणी, मग नोंदी. त्या भागात धुकं कायम. सकाळी कोरडी पुसलेली नळी संध्याकाळी तांबूस दिसायची. गंजाबद्दल मी पुस्तकात वाचलं होतं. हातांनी शिकवलं ते सर्जेरावने. आधी हत्यार रिकामं आहे याची खात्री. मग गंजावर पातळ तेल, आणि थांबायचं. पाऊण तास, तासभर. मग मऊ फडकं. त्याने नाही निघालं तर ब्राँझच्या तारेची वूल, कापसाइतकी बारीक, तीही तेलात बुडवून. दोन मिनिटांनी पुसून बघायचं. फडक्यावर तपकिरी डाग येतोय तोवर गंज निघतोय. काळा येऊ लागला की हात उचलायचा.

एकदा इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी कराडच्या एका जवानाने सँडपेपर घेतला आणि रायफलची नळी चकचकीत करून ठेवली. सर्जेरावने ती उजेडात धरली.

"कुनी शिकवलं रं हे?"

"कुनी न्हाई, हवालदारसाहेब. लय गंज व्हता."

"गंज गेला आन् कातडं बी गेलं. आईचं पातेलं हाय व्हय हे, राख लावून घासायला?"

कातडं म्हणजे ब्लूइंग. नळीवरचा निळसर काळा थर. तो रंग नसतो, लोखंडावर रसायनाने बसवलेला असतो. तो खरवडला गेला की पुढचा गंज दुप्पट वेगाने धरतो. त्या जवानाला सर्जेरावने आठवडाभर शेजारी बसवून फक्त फडकं धरायला लावलं.

युनिटमध्ये शस्त्रपूजा व्हायची तेव्हा तो ओलं हळदकुंकू लोखंडाला लागू द्यायचा नाही. टिळा लाकडी दस्त्यावर. पंडितजींशीही त्याने यावरून वाद घातला होता.

माझ्या दुसऱ्या वर्षी तो नवरात्रात रजेवर गेला. परत आला त्याच्या दुसऱ्या दिवशी एका चौकीवरून निरोप आला, तीन हत्यारांना गंज धरलाय, एक अडकतंय. सकाळी सातला मी त्याला जायला सांगितलं. ड्रायव्हर आणि तो, दोघंच.

"उद्या गेलास तरी चालेल," मी म्हणाले नाही. ते माझ्या डोक्यातही आलं नाही.

अकरा वाजून वीस मिनिटांनी रेडिओ बोलला.

"वर्कशॉप, रिकव्हरी भेजो. आपकी गाडी नाले में है. ओव्हर."

"हाऊ मेनी कॅज्युअल्टीज? ओव्हर."

"टू. वन सीरियस. ओव्हर."

नाव रेडिओवर सांगत नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा बारा पाच झाले होते. पावसाने रस्त्याची कड खचली होती. ड्रायव्हरचा पाय मोडला होता. सर्जेराव गेला होता. टूलबॉक्स त्याच्या मांडीखाली होता, बंद.

हुकूम माझा होता. त्याच्या आईवडिलांना मी हे पहिल्याच भेटीत सांगितलं. वडील, आप्पा, स्वतः नाईक म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "हुकूम कुनाचा तरी असतोच."

वर्षश्राद्धाला मी रजा घेऊन गेले. जेवणं झाली, पाहुणे पांगले. आप्पांनी मला थांबवलं. रानडुकरांसाठी त्यांच्याकडे परवान्याची एकनळी बंदूक होती. परवान्याचं नूतनीकरण होतं, पुढच्या आठवड्यात पोलीस ठाण्यात दाखवायची होती.

"गंजलीया, साहेब. गॅरेजवाला म्हनतो बफ मारून आरशागत करतो."

"अजिबात नाही. ब्लूइंग जाईल."

"तेच म्हनलं. पन एकदा बघितल्यापासनं ही पेटीची किल्ली देईना. ठाण्यातला हवालदार ऐकून म्हनतो, आप्पा, असली बंदूक बघून डुक्कर हसून मरंल."

किल्ली आईच्या कमरेला होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच पेटी उघडली. बंदूक धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली. आप्पांनी ती बिजागरीतून उघडून रिकामी असल्याचं दाखवलं. मग मी नळी बघितली.

नळीवर पाच बोटांचे ठसे होते. तपकिरी, कडांना अजून थोडं कुंकू.

"खंडेनवमीला त्यानंच उठवली," आई म्हणाली. "ओलं लावू नको म्हनत व्हता. मीच म्हनलं, ते तुज्या पल्टनीत, हितं माजं चालतंय. मग जाताना म्हनला, पुनवेला पुस आन् तेल लाव. पुनवेच्या आदल्या दिवशी फोन आला."

कोतात पंडितजींना न जुमानणारा माणूस घरी आईपुढे गप्प बसला होता. बंदूक तशीच गुंडाळून पेटीत गेली. माणदेश कोरडा म्हणून गंज वरवर राहिला होता. सांगलीत एव्हाना खड्डे पडले असते.

"निघंल का?" आप्पांनी विचारलं.

"गंज निघेल. बोटंही जातील."

"आन् न्हाई काढला तर?" हे आईने विचारलं.

मी खोटं बोलले नाही. "हळूहळू लोखंड खाईल. मग बोटंही राहायची नाहीत आणि नळीही."

आप्पा उठून अंगणात गेले. आईने बंदूक स्वतःकडे ओढून घेतली. मग म्हणाली, "तुमी नको, बाई. मला दावा."

माझ्या बॅगेत तेल आणि ब्राँझ वूल असतंच. ठशांवर तेल सोडलं. तासभर थांबलो. तिने तेवढ्यात खरकटी भांडी आवरली. मग मी फडकं तिच्या हातात दिलं.

"जोर नको," मी म्हणाले.

"टाळू भरताना लावतो तेवढा?"

"तेवढाच."

तिने अंगठ्यापासून सुरुवात केली. फडक्यावर तपकिरी डाग आला, कुंकवाची लाली आली. मी फडक्याची घडी बदलून देत होते. दोन बोटं फडक्यानेच गेली, बाकीच्यांना वूल लागली. खालचा निळसर काळा थर शाबूत होता. एका बोटापाशी तो किंचित फिका दिसला. तिथे मी तिचा हात थांबवला.

वर्षभर ती मुलाबद्दल एक शब्द बोलली नव्हती, हे आप्पांनी मला नंतर सांगितलं. त्या दुपारी बोलली. आधी गंजाशी बोलल्यासारखी, मग माझ्याशी. भरतीच्या वेळी उंची अर्धा इंच कमी भरेल म्हणून तो आठ दिवस पिंपळाच्या फांदीला लोंबकळायचा. नाष्ट्याला शिळी भाकरीच मागायचा. आप्पांच्या सायकलची चेन पाडायचा, आणि आपणच बसवून शाबासकी घ्यायचा.

शेवटी करंगळी राहिली. तिचा ठसा बाहेरच्या बाजूला वाकलेला होता.

"सात वर्साचा असताना बैलाच्या दाव्यात घावली," ती म्हणाली. "हाडवैद्यानं बांधली, पन वाकडीच ऱ्हायली. भरतीला ती झाकाय मूठ करून हुबा ऱ्हायला. डाक्टरनं बघितलं न्हाई. मला वाटलं, काढत्यात आता भायेर. घेतला."

दोन वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी उभी राहून हातांचं काम शिकले. ती करंगळी रोज पाहिली. कधी विचारलं नाही.

आईने फडकं एकदा फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. तिने पुन्हा फिरवलं.