हिरव्या चौकडीची सात मुलं

मुरबाड तालुक्यात वाघाला न भिणारी मुलं पाचपंचवीस निघाली असती, पण माझ्या धाकट्या दिरांना न भिणारं एकही मूल नव्हतं. भावोजी देवी टोचायचे. सरकारी नोकरी होती, खांद्याला कातडी पिशवी आणि काखेत छत्री. ते वाडीच्या वेशीवर दिसले की पोरं झाडांवर चढत, भाताच्या कणगीत शिरत, आणि बाया तान्ह्यांना लुगड्याखाली घेऊन 'आमच्याकडं पोरच नाय' असं सांगत. एका गावात तर पाटलाने स्वतःच्या नातवाला गोठ्यात वासराशेजारी लपवला होता. भावोजींनी आधी वासराची चौकशी केली, मग नातवाला टोचलं आणि पाटलाकडे ताक पिऊन आले. राग म्हणून त्यांना कधी आलेला मी पाहिला नाही.

बाहेर ही दहशत आणि घरात उलटा प्रकार. भावोजींना आठ मुलं होती. थोरला दत्तू तेरा वर्षांचा, धाकटं पाळण्यात. ते दारात आले की त्यांतली चार अंगावर चढत आणि उरलेली पिशवीला लटकत. मी शहापूरहून सुटीत मुरबाडला गेले की पहिले दोन दिवस मला त्या घरात कुठे उभं राहावं तेच कळत नसे. सकाळी सगळ्यांना विहिरीवर एका रांगेत बसवून ते एकाच तांब्याने पाणी ओतत जात, मग त्याच रांगेवरून उलटे येत एकाच फणीने भांग पाडत. मुलींचे भांग मुलांना पडत, पण काम अर्ध्या तासात उरकत असे. नावांचाही असाच हिशेब. दत्तूला हाक मारायची असली तर तोंडातून 'वसू' निघे आणि येई इंदू. मी एकदा म्हटलं, "भावोजी, निदान पोटच्या मुलांची नावं तरी नीट घ्या." ते म्हणाले, "वहिनी, पाणी मागितलं, पाणी आलं. कोणी आणलं त्याची चौकशी कशाला?"

माझा स्वभाव नेमका याच्या विरुद्ध. मी यादी केल्याशिवाय लोणचंही घालत नाही. त्यांच्या घरी गेले की मी स्वयंपाकघराच्या दाराला याद्या लावत असे: कोणी केर काढायचा, कोणाचं नखं काढणं राहिलं, कोणाला खोकला आहे. भावोजी प्रत्येक यादी चष्मा लावून पूर्ण वाचत, खाली 'वाचले' असं लिहून तारखेसह सही करत, आणि पुढे काहीही करत नसत. जाऊबाई हसून म्हणत, "वहिनी, कचेरीत कागद असाच पुढे जातो म्हणे."

सहलींचा त्यांना भारी नाद. सुटीच्या दिवशी सगळी मुलं गाडीत घालायची आणि निघायचं, मग पाऊस असो की ऊन. एकदा शहापूरला आमच्याकडे आले तेव्हा सगळ्यांना घेऊन तानशाचा तलाव बघायला गेले. तिथल्या पहारेकऱ्याने त्यांना अडवून विचारलं, "कुठली शाळा? परवानगीची चिठ्ठी कुठाय?" भावोजींनी तिथेच दगडावर बसून चिठ्ठी लिहिली, खाली स्वतःची सही केली आणि त्याला दिली. पहारेकऱ्याला वाचता येत नव्हतं. शाळा आत गेली.

पण एक गोष्ट ते कधीच करत नसत. ते मुलं मोजत नसत. आमच्या सासूबाईंची शिकवण, की लेकरं मोजली की दृष्ट लागते. दिवसभर तालुक्याची पोरं मोजून सरकारी वहीत लिहिणारा हा माणूस स्वतःच्या मुलांसमोर आकडा तोंडातून काढत नसे. त्याऐवजी त्यांची एक पद्धत होती. निघताना कोटाच्या खिशात मुलांइतके पेरू घालायचे. परतताना गाडी जुंपली की ओरडायचं, "हात!" गाडीतून हात बाहेर येत, प्रत्येक हातावर एक पेरू पडे. खिसा रिकामा झाला की मुलं पुरी. "मी पेरू मोजतो वहिनी," ते म्हणत, "पेरूंना दृष्ट लागली तर लागू दे."

जर्मनीची लढाई सुरू होण्याआधीचं एक वर्ष असेल. कार्तिकात आवळीभोजनाला धसईच्या पलीकडे जायचं ठरलं. तिथे ओढ्याच्या काठी एक जुना आवळा आहे, समोर सिद्धगडाचा डोंगर दिसतो. तान्ह्याला घेऊन जाऊबाई घरीच राहणार होत्या. निघताना त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ह्यांच्या नाही, तुमच्या भरवशावर पाठवतेय हो." हे मला शोभेल असंच काम होतं. मी आधीच एक ताका आणून सातही मुलांना एकाच हिरव्या चौकडीच्या कापडाचे सदरे आणि परकर-पोलकी शिवली होती. रानात, बाजारात, कुठेही नजर टाकली की हिरव्या चौकड्या मोजाव्या, झालं. पेरूंवर माझा विश्वास नव्हता.

दिवस छान गेला. धसईच्या बाजारात वांगी आणि मुळे घेतले, आवळ्याखाली चूल मांडली, भात, वांग्याची भाजी, वर ताक. जवळच्या वाडीतली पोरं लांबून बघत होती. देवी टोचणारा माणूस पिशवीशिवाय आलाय हे पटल्यावर ती हळूहळू जवळ आली आणि दुपारभर मुलांच्यात मिसळून ओढ्यावर खेळली. ऊन उतरायला लागल्यावर मी घाई केली. गाडी जुंपली. भावोजी म्हणाले, "हात!" सात हात बाहेर आले, सात पेरू गेले, खिसा रिकामा. मी मागून सात चौकड्या मोजल्या. यादीवर खूण केली आणि गाडी निघाली.

तासाभराने एका नाल्यावर बैलांना पाणी पाजायला थांबलो. मुलं एकमेकांवर पडून झोपली होती. एका मुलीचा हात चादरीबाहेर आला होता, तो भावोजी आत घ्यायला गेले आणि तसाच हातात धरून उभे राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "हा हात आपला नव्हे."

मला काही कळेना. त्यांनी पोलक्याची बाही वर केली. स्वतःच्या मुलांना त्यांनीच टोचलं होतं, चार वण, छापल्यासारखे एका रेषेत. या दंडावर दोनच होते आणि दुसरा वाकडा. "ही आवळ्याजवळच्या वाडीतली. गेल्या माघात टोचली. दुसऱ्या टोचणीला चावली मला." त्यांनी अंगठा पुढे केला. दातांची खूण दिसत नव्हती, पण त्यांना दिसत असावी.

पोरगी जागी झाली. समोर कोण आहे ते तिने पाहिलं आणि सावकाश बाही खाली ओढून घेतली. "माझा झालाय टोचून," ती म्हणाली.

"नाव काय गो तुझं?"

"जनी."

"आणि आमची इंदू कुठाय?"

"माझ्या घरा. आमी खेलत होतो. ती जनी झाली, मी इंदू झाले."

दोघींनी ओढ्याकाठी कपडे बदलले होते आणि एकमेकींच्या घरी जायचं ठरवलं होतं. गाडीतल्या भावंडांना तो खेळच वाटला, कोणी चुगली केली नाही. मी चौकड्या मोजल्या होत्या, तोंडं पाहिली नव्हती. मला एकदम ओढा आठवला, त्यातली डोहाची जागा आठवली, आणि बाजारात कोणीतरी सांगत होतं की त्या बाजूला दिवस कलला की बिबळ्या शेळ्यांना येतो. इंदू सहा वर्षांची. ती त्या घरी पोचलीच होती हे कोणी पाहिलं होतं?

भावोजींनी जनीला खांद्यावर घेतलं आणि आलो त्या रस्त्याने धावत सुटले. आम्ही गाडी वळवली. मी गाडीवानाला सारखी घाई करत होते. तो म्हणाला, "बाई, बैल हायत ते, घोरं नायत." भावोजी कायम पुढे वीस पावलं. कोट त्यांनी गाडीत टाकला होता. जनीने "तो बघा आमचा घर" म्हटल्यावर त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला मला दिसला.

घराच्या दारात जनीची आई होती. देवीवाला धावत येताना पाहून ती दार अडवून उभी राहिली. "बाल नाय घरात," ती म्हणाली, "मामाकडं धारलाय." आत बाळ रडत होतं.

"मला तुमचं नको हो बाई," भावोजी म्हणाले. "माझं द्या."

"तुमचा कुठला?"

त्यांनी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. चुलीच्या धुरात पाच पोरं भिंतीला टेकून जेवत होती. चौथी इंदू. अंगात ठिगळाचं पोलकं, हातात तांदळाची भाकरी, आणि चेहऱ्यावर जन्मापासून तिथेच राहत असल्यासारखा भाव. तिने वर पाहून सांगितलं, "नाना, माझं जेवण व्हायचंय."

भावोजी उंबऱ्यातच खाली बसले. जनीची आई इंदूकडे बघतच राहिली. "आता काय सांगू," ती म्हणाली, "तुमची गारी गावात आली म्हनून मी बालाला घेऊन कोपऱ्यात बसलेली. ताटल्या मांडल्या, येक रिकामी नाय राह्यली, म्हंजे सगली आली. जेवताना कोन तोंडा बघतो?" मग जनीला म्हणाली, "आन् तू गो? गारीत बसून मुंबयला चाललीस व्हय?"

"मुरबाडला," जनी म्हणाली.

मला हसू आलं आणि ते थांबेना. इतका वेळ छातीवर धरून ठेवलेली यादी कुठे पडली तेही कळलं नाही. त्या बाईने आम्हालाही ताटल्या मांडल्या, गाडीतल्या सहा जणांनाही बोलावलं, आणि नको म्हणायची कोणाची ताकद नव्हती. जेवण झाल्यावर ती आत गेली आणि लपवलेलं बाळ घेऊन बाहेर आली. त्याचा दंड उघडा करून भावोजींसमोर धरला. "घ्या," ती म्हणाली, "आता काय लपवायचा तुमच्यापासून."

भावोजींनी दोन्ही रिकामे हात पुढे करून दाखवले. पिशवी मुरबाडला होती. "आज नको," ते म्हणाले. "पुढच्या सोमवारी येतो."

परतताना चांदणं पडलं होतं. मी गाडीत एकेकाची हनुवटी धरून तोंड पाहिलं, मगच गाडीवानाला चल म्हटलं. इंदूला भावोजींनी गाडीत बसवलंच नाही, खांद्यावर घेऊन ते बैलांच्या बाजूने चालत राहिले. ती त्यांच्या डोक्यावर हनुवटी टेकून जनीच्या घरी किती कोंबड्या आहेत ते सांगत होती आणि ते प्रत्येक कोंबडीचा रंग विचारत होते. धसई गेली, नाला गेला, ती झोपली, तरी ते चालतच होते. पन्नाशीला टेकलेला माणूस, दिवसभराची पायपीट. शेवटी मी म्हटलं, "भावोजी, आता तरी द्या तिला इकडे. जागा आहे."

"असू द्या वहिनी," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी जड होईल."

पुढच्या कार्तिकात आम्ही पुन्हा गेलो. इंदू सगळी वाट गाडीपुढे धावत गेली, आणि भावोजी मागून रिकाम्या खांद्याने चालत आले.