खारीची कृष्णाबाई लग्नाला गेली नाही

खारी गाव आता उरलंय ते एवढंच: चार गल्ल्या, एक देऊळ आणि भोवती आमच्यासारख्या उपऱ्यांच्या बिल्डिंगी. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली कृष्णाबाईचं अंगण दिसतं. नऊ वर्षांपूर्वी गिरगावातून इथे राहायला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने खालून ओरडून विचारलं होतं, "घरात किती मानसं? सकाळचं कोन कोन भाईर जातं?" मला रागच आला. नसत्या चौकशा कशाला, असं वाटलं. तिला मात्र गल्लीत येणारा-जाणारा प्रत्येक माणूस ठाऊक असावा लागतो. वय अडुसष्ट. जन्मभर मासळीची पाटी डोक्यावर घेऊन फिरलेली, आणि आवाज असा की ती बोलायला लागली की चौथ्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घेतात.

फेब्रुवारीत तिच्या घरी चोरी झाली, तीही भरदिवसा. या गल्लीची रीत अशी, की गल्लीत लग्न असलं की घरात माणूस मागे ठेवायचं नाही. मागे राहिलं तर मांडव रुसतो म्हणे. म्हाताऱ्या, तान्ही पोरं, सगळी वऱ्हाडात. आणि गल्लीच्या तोंडाशी नवरा-नवरीच्या फोटोंचा हा भलामोठा फ्लेक्स! तारीख, हॉलचा पत्ता, वऱ्हाड निघायची वेळ, सगळं ठसठशीत अक्षरांत. चोराला आणखी काय आमंत्रण हवं? त्या दिवशीही बँड वाजवत वऱ्हाड गेलं आणि मागे तीन घरांचे कोयंडे उचकटले गेले. कृष्णाबाईच्या कपाटातून नवऱ्याचं चांदीचं कडं गेलं. त्याच्यामागे तिने तेवढंच जपून ठेवलं होतं.

तिचा मुलगा हितेश बेव्हर्ली पार्कात फ्लॅट घेऊन राहतो. तो धावत आला आणि निकालच देऊन मोकळा झाला. "आये, घराला कुलूप लाव नि माझ्याकडं चल. मे महिन्यात प्रीतमचं लग्न झालं की दुसऱ्या दिवशी टेम्पो आणतोय."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. चोरी कुणी केली आणि घर कुणी सोडायचं! आणि कुठे जायचं, तर बिल्डिंगीत. आमच्या बिल्डिंगीला सहा कॅमेरे आहेत. त्यातले चार बंद आहेत, हे फक्त वॉचमनला आणि चोरांना माहीत आहे. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं, हे मलाही अजून नीट माहीत नाही.

"आन टेम्पो," कृष्णाबाई म्हणाली. "मी बसते का बघ."

प्रीतम तिच्या दिराचा, लीलाधरचा मुलगा. तिच्याच मांडीवर वाढलेला. लग्न आठवड्यावर आलं तेव्हा तिने जाहीर केलं, की वऱ्हाड जाईल, मी दारात बसेन. लीलाधर तणतणत अंगणात आला.

"वयनी, सख्ख्या पुतन्याच्या लग्नाला येनार न्हाय? लोक काय बोलतील?"

"तीन घरं फुटली तवा लोक कुटं व्हती? वऱ्हाडात नाचत व्हती. मीबी नाचत व्हते."

"आन् मांडव रुसला तर?"

"रुसू दे. त्याची समजूत मी काढीन. भावजी, तुमचा फ्लेक्स लागलाय ना? त्याच्यावर खाली लिवा, कृष्णाबाई घरी हाय."

लीलाधरने कपाळावर हात मारला. मग तिनेच पुठ्ठ्यावर कोळशाने तेवढी एक ओळ लिहिली आणि फ्लेक्सखाली बांधून आली. गल्ली हसली. खरं सांगते, मीही हसले.

लग्नाच्या दिवशी अकराला वऱ्हाड गेलं. कृष्णाबाई नवं लुगडं नेसून, केसांत गजरा माळून एकटी ओट्यावर बसली. बँड लांब जाईपर्यंत तिचा पाय ठेका धरत होता, आणि पदराने ती डोळे पुसत होती. मला पाहवेना.

बाराच्या सुमारास बाइकवर दोघे आले. पुठ्ठा त्यांना वाचता आला नसावा, किंवा थट्टा वाटली असावी. पाठीला बॅगा, हातात पाना.

"किधर जाना है?" कृष्णाबाई उठली.

"एसी रिपेअर. सेठने बुलाया है."

"कोनसा सेठ? इस गल्ली में एसी किसके घर में नाय है! बॅग खोल, दिखा मेरे को!"

शेवटचे शब्द तिने बाजारातल्या आवाजात सोडले. मी खिडकीतून ओरडत बाइकचा नंबर टिपला, आमचा वॉचमन काठी घेऊन धावला, चौथ्या मजल्याच्या खिडक्या तिच्या आवाजाने पहिल्यांदाच उघडल्या. दोघांनी बाइक वळवली आणि पाना तिथेच टाकून पळ काढला. बाई तसूभरही मागे सरली नव्हती.

संध्याकाळी नवरीला घेऊन वरात परतली. बातमी आधीच हॉलवर पोचली होती. स्वतःचं दार सोडून लीलाधरने जोडप्याला आधी वहिनीच्या ओट्यापुढे आणलं आणि पाया पडायला लावलं. हितेश मागे उभा होता. बंद दारांची ती रांग तो बराच वेळ बघत राहिला.

"आये, तुला काही झालं असतं तर?"

"झालं न्हाय ना? मंग उद्याच्या टेम्पोवाल्याला न्हाय म्हनून सांग." तिने पदर कमरेला खोचला. "आन् आता तू बस हितं, घर राखत. मी नाचून येते."

हितेशने टेम्पोवाल्याला फोन लावला आणि ओट्यावर बसला.