कुलूपबंद विहिरीवरची बाई

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आम्ही भातकुलीचे. छप्पन साली बौद्ध दीक्षा घेऊन माझ्या बाबांनी घरातले देव बाहेर काढले, तेव्हाच अंगारे-धुपारेही संपले. त्यात मी सायन्स शिकलेला सॅनिटरी इन्स्पेक्टर! तरी हे लिहितोय...

साठच्या दशकातली गोष्ट. अकोल्याबाहेर, बार्शीटाकळीच्या रस्त्याला, गावाचा कचरा टाकायचं जुनं मैदान होतं. ते बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. पण शेजारच्या वस्तीतली लेकरं उलट्यांनी हैराण झाली आणि मैदानालगतच्या त्यांच्या विहिरीच्या पाण्याला औषधासारखा उग्र वास यायला लागला. आम्ही विहिरीचा रहाट काढला, तोंडावर फळ्या ठोकल्या, कुलूप लावलं. किल्ली माझ्याच खिशात. दर आठवड्याला पाण्याचा नमुना तपासायला पाठवायचो — रिपोर्ट खराबच! अर्धं मैदान उपसून झालं, पण विष नेमकं कुठून झिरपतंय ते कळेना. आणि पाऊस तोंडावर आलेला. एकदा तो पडला की आसपासच्या सगळ्या विहिरी नासणार होत्या.

मे महिन्यातली भर दुपार. मी आणि मुकादम किसनराव लिंबाखाली भाकर खात होतो. एकदम रहाटाची करकर ऐकू आली. मान वळवली तर — विहिरीवर हिरव्या लुगड्यातली एक बाई पाणी शेंदत होती!

"ओ बाई! ते पाणी पिऊ नका!" मी ओरडलो.

तिने वळूनही पाहिलं नाही. घागर कमरेवर घेतली, तरातरा मैदानाच्या कोपऱ्यात गेली आणि सगळं पाणी जमिनीवर ओतलं. आम्ही धावलो. पोचेपर्यंत... कोणीच नाही! लपायला साधं झुडूपही नव्हतं.

"साहेब, तुमाले दिसली ना?" किसनरावांनी विचारलं.

"दिसली."

"मंग ठीक. मले वाटलं, मलेच ऊन लागलं."

पळत विहिरीवर गेलो. कुलूप जागेवर, रहाट तर नाहीच, फळ्या कोरड्या ठणठणीत. परत कोपऱ्यात आलो. तिथली माती मात्र ओली होती!

"खोदा! इथंच खोदा!"

"कावून, साहेब?"

"मले नाही माहीत! पण खोदा!"

सगळे मजूर धावून आले. कमरेएवढा खड्डा झाला आणि टिकाव कशावर तरी आदळला — ठण्ण! गंजलेलं पिंप. त्याच्या बाजूला दुसरं, मग आणखी... कपाशीवर फवारायच्या औषधाची, फुटलेली, गळणारी! कोणी पुरली देव जाणे... पाहा, आता मीच देवाचं नाव घेतलं! संध्याकाळपर्यंत सारी वस्ती गोळा झाली. मी तर किसनरावांना मिठीच मारली.

तोंडाला फडकी बांधून आम्ही पिंपं काढली, भोवतालची माती उचलून नेली, विहीर पुन्हा पुन्हा उपसली. नमुने चालूच होते. दुसरा पावसाळा सरला आणि रिपोर्ट आला — पाणी पिण्यालायक! त्या दिवशी वस्तीतल्या गोदाबाईंनी पहिला गिलास माझ्याच हातात दिला. "प्या साहेब, आता कायले भेता?"

मी गटागटा प्यायलो. मग त्यांना त्या बाईबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "त्या दुपारी तर आमी साऱ्या बाया पाण्याले दूर गेलो होतो. वस्तीत एकबी बाई नव्हती."

ऑफिसातले म्हणाले, उन्हाने भास झाला. दोघांना एकदम? बरं, तेही मानलं. पण माती ओली होती हो... माझी बोटं चिखलाने भरली होती. त्याचं काय करू, ते मला आजही कळलेलं नाही.